एकच ‘अशोक’, दोन झाडे

पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या कुंपणालगत एक झाड ओळीने उभे असते. उंच, सरळसोट, फांद्या खाली झुकलेल्या आणि लांब पानांच्या कडा लाटांसारख्या. त्याचे नाव विचारले तर बहुतेक जण ‘अशोक’ म्हणतात आणि इंटरनेटवरच्या एखाद्या छायाचित्रसंग्रहात त्याचा फोटो चढवताना टॅगही तोच लावतात. त्याच संग्रहात कुणी सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी, खोडाला बिलगून फुललेले केशरी-तांबडे गुच्छ टिपलेले असतात, त्यांच्याखालीही ‘अशोक’. सारनाथच्या सिंहांखाली ‘अशोक’. आणि कुणाच्या तरी काकांच्या एकसष्टीच्या फोटोंवरही ‘अशोक’. शोधाच्या चौकटीत हा शब्द टाकला की झाड, फूल, सम्राट आणि काका एका रांगेत येऊन उभे राहतात.

टॅग लावणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. त्याला त्याचा फोटो सापडतो, काम झाले. अडचण येते ती दुसऱ्याच कुणाला त्या संग्रहातून काही शिकायचे असते तेव्हा.

ओढ्याकाठचे झाड म्हणजे सीताअशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. चिंच, पळस ज्या शेंगाधारी कुळातले, त्याच कुळातला. त्याची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या तक्रारींवर, विशेषतः पाळीतल्या अतिरक्तस्रावावर वापरतात; अशोकारिष्टाचे नाव त्यावरूनच पडले. कुंपणालगतचे झाड म्हणजे ‘खोटा अशोक’, मोनून लाँगिफोलियम. ते सीताफळाच्या कुळातले. (‘सीता’ एकाच्या नावात आणि सीताफळाशी नाते दुसऱ्याचे.) सीताअशोक कमी होत चालला आहे, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला धोक्यात असलेल्या प्रजातींत धरले आहे. खोटा अशोक मात्र गल्लोगल्ली आहे. त्यामुळे एकाच्या सालीत दुसऱ्याच्या सालीची भेसळ हे औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांचे जुने दुखणे आहे. वाळून तुकडे झालेल्या सालींमधला फरक नुसत्या डोळ्यांना ओळखणे अवघड, आणि गोणीवर लिहिलेला शब्द तर एकच.

आता एखाद्या संशोधकाला पाहायचे आहे की सीताअशोक सह्याद्रीत कुठे कुठे उरला आहे आणि कोणत्या महिन्यात फुलतो. लोकांनी हौसेने टाकलेले हजारो फोटो हा त्याच्यासाठी खजिना असतो. प्रत्येकावर तारीख असते, बऱ्याच फोटोंवर ठिकाणही असते. फक्त ‘अशोक’ या टॅगमागे कोणते झाड उभे आहे, हे यंत्राला सांगता येत नाही. ब्राह्मीचे तेच. कुणी बाकोपा मोनिएरीला ब्राह्मी म्हणतो, कुणी बेडकाच्या पावलासारख्या पानांच्या मंडूकपर्णीला. शंखपुष्पी तर किमान तीन वेगवेगळ्या वनस्पतींचे नाव आहे आणि त्यांतली एक म्हणजे कुंपणावरची गोकर्ण.

असे विखुरलेले, प्रत्येकाने आपापल्या मनाने लावलेले शब्द नेमक्या वस्तूशी कसे बांधायचे, या प्रश्नावर संगणकशास्त्रज्ञ, ग्रंथपाल आणि निसर्गनिरीक्षक गेली वीस वर्षे डोके खाजवत आहेत. प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि तो झाडांपुरता नाही.

ग्रंथालयात पुस्तक आले की प्रशिक्षित माणूस ते चाळतो, ठरलेल्या यादीतला विषय आणि वर्गांक देतो. काम चोख, पण सावकाश आणि खर्चिक. २००३ मध्ये डेलिशियस हे संकेतस्थळ सुरू झाले. आवडलेल्या वेबपानांचे दुवे तिथे जपून ठेवता येत आणि त्यांना हवे ते शब्द चिकटवता येत. पुढच्याच वर्षी फोटोंसाठी फ्लिकर आले. यादी नाही, नियम नाहीत, कुणाची परवानगी नाही. या कारभाराला थॉमस वँडर वाल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिले; आपण लोकवर्गीकरण म्हणू शकतो. लोकांना हा प्रकार किती भावला, याचा अंदाज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रयोगावरून येतो. जानेवारी २००८ मध्ये या ग्रंथालयाने आपल्या जुन्या छायाचित्रांपैकी सुमारे तीन हजार फ्लिकरवर ठेवली आणि नंतर त्यांत भर घालत गेले. ऑक्टोबरपर्यंत २,५१८ खात्यांवरून मिळून ६७,१७६ टॅग लागले होते. पगारी नोंदणीकारांना हे काम किती वर्षे पुरले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पण ढीग म्हणजे ज्ञान नव्हे. स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन या दोघांनी डेलिशियसवरचे टॅग तपासले, तेव्हा त्यांना त्यांत सात तऱ्हा दिसल्या. काही टॅग वस्तू कशाबद्दल आहे ते सांगत, काही ती काय आहे ते, काही ती कुणाची. काहींत नुसता अभिप्राय होता. आणि काही फक्त लावणाऱ्यालाच कळणारे, म्हणजे ‘माझे’, ‘वाचायचे आहे’ अशा जातीचे. अनेकार्थी शब्द आणि एकाच अर्थाचे अनेक शब्द या दोन ठरलेल्या अडचणी होत्याच. तिसरी अडचण जास्त बारीक आहे. एकाच फोटोला एक जण ‘पक्षी’ म्हणतो, दुसरा ‘बगळा’, तिसरा ‘गायबगळा’. तिघेही बरोबर आहेत. त्यांच्या ओळखीची खोली वेगळी आहे. पक्षीनिरीक्षकाला ‘पक्षी’ हा टॅग निरुपयोगी वाटतो आणि पहिलीतल्या मुलाला ‘गायबगळा’.

त्यांचे दुसरे निरीक्षण आशादायक होते. एकाच दुव्याला शंभरेक लोकांनी टॅग लावले की कोणत्या शब्दाचे प्रमाण किती, हे जवळजवळ स्थिरावते. पुढे कितीही लोक आले तरी फारसे हलत नाही. अनेकांना यात गर्दीचे शहाणपण दिसले. ते काही अंशी खरे आहे, पण स्थिर होणे आणि बरोबर असणे यांत अंतर आहे. शंभरातल्या नव्वदांनी कुंपणालगतच्या झाडाला ‘अशोक’ म्हटले, तर तिथे ‘अशोक’ हाच शब्द स्थिरावेल आणि औषधी साल शोधणाऱ्याच्या ते काही कामाचे नसेल.

यावर एक साधा, थोडासा खडबडीत उपाय जानेवारी २००७ मध्ये फ्लिकरने अधिकृतपणे स्वीकारला. त्याला ‘मशीन टॅग’ म्हणत. साध्या टॅगमध्ये एकच शब्द असतो. मशीन टॅगमध्ये तीन तुकडे. आधी कोणत्या क्षेत्राची गोष्ट आहे ते, मग विसर्गासारखे दोन ठिपके देऊन त्या क्षेत्रातला कोणता गुण, आणि शेवटी बरोबरचे चिन्ह देऊन त्या गुणाचे मूल्य. म्हणजे ‘अशोक’ या टॅगशेजारी आणखी एक टॅग बसतो: टॅक्सॉनॉमी:बायनॉमियल=सराका असोका. वाचायला रुक्ष, पण आता संदिग्धता उरली नाही. हा शब्द वर्गीकरणशास्त्रातला आहे, ते द्विनाम आहे, आणि ते अमुक आहे. सम्राट आणि काका आपोआप बाजूला झाले, खोटा अशोकही झाला. ही कल्पना वरून आलेली नव्हती. फोटो कुठे काढला ते सांगण्यासाठी काही हौशी मंडळी त्याआधीच अक्षांश-रेखांश असेच तुकड्यातुकड्यांनी लिहीत होती. लोकांनी पाडलेली पायवाट कंपनीने फक्त डांबरी केली.

त्याच सुमारास जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांची एक जुनी इच्छा आकार घेत होती. पृथ्वीवरच्या प्रत्येक ज्ञात प्रजातीसाठी इंटरनेटवर एक पान असावे, ही ती इच्छा. फेब्रुवारी २००८ मध्ये ‘एनसायक्लोपीडिया ऑफ लाइफ’ लोकांसाठी खुला झाला. पाने तर हजारोंनी तयार होती, पण त्यांवर लावायला फोटो कुठून आणायचे? ज्ञानकोशाने फ्लिकरवर एक गट उघडला आणि छायाचित्रकारांना दोन गोष्टी सांगितल्या. फोटो मोफत वापरता येईल असा परवाना ठेवा आणि द्विनामाचा मशीन टॅग लावा. मग कोशाचे यंत्र ठरावीक वेळी येई, टॅग वाची आणि फोटो योग्य प्रजातीच्या पानावर नेऊन ठेवी. मधे कुणी कारकून नाही. पुढे ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ने जुन्या निसर्गग्रंथांतली चित्रे फ्लिकरवर ठेवली, तेव्हा स्वयंसेवकांनी तीच रीत वापरली. दोन-दोनशे वर्षांपूर्वी रंगवलेली फुलपाखरे आणि मासे त्यामुळे आजच्या प्रजातींच्या पानांवर जाऊन बसले.

हे जमले याचे कारण तंत्रात कमी आणि माणसांत जास्त आहे. मशीन टॅग लिहिणे कंटाळवाणे होते. एक ठिपका चुकला, स्पेलिंगमधले एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तरी फोटो गुपचूप गळून पडे. कुणी ओरडायला येत नसे. तरीही लोक ते लिहीत राहिले, कारण बदल्यात आपला फोटो एका ज्ञानकोशात दिसणार होता. शिवाय त्यांचा जुना शब्द कुणी पुसला नव्हता. ‘आजोळच्या ओढ्यावर’ हा टॅग होता तिथेच राहिला आणि त्याच्या शेजारी शास्त्रीय नाव आले. बोलीतल्या शब्दांवर काट मारून ‘शुद्ध’ शब्द लादायचा, हा पर्याय अनेक संस्थांनी वेळोवेळी करून पाहिला आहे. तिथे लोक लिहिणेच बंद करतात.

बोलीतले नाव आणि शास्त्रातली ओळख एकमेकांशेजारी ठेवण्याची ही रीत इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सतराव्या शतकात कोचीनला डचांचा अधिकारी असलेल्या व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या चित्रांवर झाडांची नावे मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांतही आहेत. ती नावे सांगणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. गोव्याकडून दक्षिणेला गेलेल्या समाजातल्या या तिघांनी नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेला दाखला ग्रंथात छापलेला आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना द्विनामे दिली, तेव्हा मलबारच्या अनेक झाडांसाठी त्याच्यापुढे हीच चित्रे आणि वर्णने होती. वैद्यांचे शब्द गेले नाहीत. म्हणून आज कोणते मलबारी नाव कोणत्या द्विनामाशी जुळते, हे पडताळता येते.

मशीन टॅगची खरी मर्यादा मात्र वेगळीच निघाली. ज्या शास्त्रीय नावाला अढळ मानले, ते स्वतःच सरकते. खोटा अशोक दीर्घकाळ पॉलिआल्थिया लाँगिफोलिया होता. २०१२ मध्ये अभ्यासकांनी त्याला मोनून या वंशात हलवले. सीताअशोकाला आपल्याकडच्या जुन्या औषधी ग्रंथांत सराका इंडिका म्हटलेले आढळते. आज ते नाव आग्नेय आशियातल्या त्याच्या भावंडाचे आहे. २००८ मध्ये प्रामाणिकपणे लावलेला टॅग आज जुन्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटासारखा आहे.

म्हणून आता भर शब्दांवर नाही, ओळख क्रमांकांवर आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटामध्ये प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक मिळतो. मग ते झाड असो, गाव असो की माणूस. क्रमांकाला स्वतःचा अर्थ नसतो, हाच त्याचा गुण. त्याला मराठी नाव जोडा, कन्नड जोडा, जुने द्विनाम जोडा, नवे जोडा. क्रमांक हलत नाही. विकिमीडिया कॉमन्स या चित्रसंग्रहात २०१९ पासून ‘या चित्रात काय दिसते’ हे अशा क्रमांकाने नोंदवता येते. मराठीत शोधणाऱ्याला त्यामुळे बंगालीत वर्णन केलेला फोटोही सापडू शकतो. अट एकच, त्या क्रमांकाला कुणीतरी मराठी नाव जोडलेले हवे. मराठी नावांची ही भर घालायला कुणी पगारी माणूस बसलेला नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे, आणि ते फारसे झालेले नाही.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. हा फोटो सीताअशोकाचाच, हे ठरवायचे कुणी? २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून जन्मलेल्या आयनॅचरलिस्टने याचे उत्तर पंचायतीसारखे दिले. एकाने ओळख सांगायची, इतरांनी ती पटते की नाही ते सांगायचे. किमान दोघे हवेत आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त सहमत हवेत, तर ती नोंद ‘संशोधन दर्जा’ची ठरू शकते आणि जगभरच्या जैवविविधता नोंदींच्या साठ्यात जाऊ शकते. तारीख आणि ठिकाण हवेच. शिवाय झाड आपोआप उगवलेले हवे, लावलेले नको. सोसायटीच्या कुंपणालगतचा अशोक त्यामुळे अचूक ओळखला गेला तरी या गाळणीतून पलीकडे जात नाही. साध्या टॅगमध्ये ‘लावलेले की रानटी’ हा प्रश्नच कुणी विचारत नव्हता.

झाडांबाबतची चूक बहुधा उशिरा त्रास देते. नकाशावरची चूक तेव्हाच्या तेव्हा देऊ शकते. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा मोफत नकाशा २००४ पासून वाढतो आहे आणि त्याचा सारा डोलारा टॅगांवर उभा आहे. मराठीत ‘दवाखाना’ म्हणजे काय? गल्लीतल्या डॉक्टरांची दोन खोल्यांची जागाही दवाखाना, तालुक्याचे सरकारी रुग्णालयही बोलताना दवाखाना, आणि पशुवैद्यकाकडे ‘जनावरांचा दवाखाना’ अशी पाटी. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन निघालेल्या मुलाला यांतला फरक कळायलाच हवा. या नकाशावर हॉस्पिटल, क्लिनिक, डॉक्टर आणि पशुवैद्य असे चार वेगळे टॅग आहेत. रुग्णाला दाखल करून घेण्याची सोय असेल तरच ‘हॉस्पिटल’ लावायचे, असे त्याच्या माहितीपानावर लिहिलेले आहे. कुणी वेगळा टॅग लावला तर यंत्र अडवत नाही. पण शब्दाचा अर्थ कुठेतरी लिहून ठेवलेला आहे आणि त्यावरून वाद घालता येतो, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

रुग्णाच्या तोंडचे शब्द हे या सगळ्याचे सर्वांत नाजूक टोक. पेशंट्सलाइकमी हे संकेतस्थळ हेवुड बंधूंनी त्यांच्या भावाला एएलएस हा स्नायूंची ताकद हिरावणारा आजार झाल्यावर उभे केले. रुग्ण तिथे आपली लक्षणे स्वतःच्या शब्दांत नोंदवत आणि आपल्यासारखेच दुसरे कोण आहे ते शोधत. ती लक्षणे म्हणजे टॅगच होते. कॅथरिन अर्नॉट स्मिथ आणि पॉल विक्स यांनी २००८ मध्ये एएलएस, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन या तीन आजारांच्या रुग्णांचे शब्द अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या महाकोशाशी ताडून पाहिले. या महाकोशात डझनावारी वैद्यकीय शब्दसंग्रह एकत्र बांधलेले आहेत. रुग्णांचे २४ टक्के शब्द तिथे जसेच्या तसे सापडले, आणखी १९ टक्के समानार्थी रूपात. म्हणजे निम्म्याहून जास्त शब्दांना त्या प्रचंड कोशात नीट जागाच नव्हती. हे शब्द अडाण्यांचे होते असे नाही. वर्षानुवर्षे आजार अंगावर काढणाऱ्या माणसांचे होते.

रुग्णांचा शब्द उलट दिशेनेही प्रवास करू शकतो, हे कोविडने दाखवले. २० मे २०२० रोजी एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ महिलेने ट्विटरवर स्वतःच्या लांबलेल्या दुखण्याबद्दल लिहिताना ‘लाँग कोविड’ असा हॅशटॅग लावला. त्या दिवसांत कोविड म्हणजे बहुतेकांना दोन आठवड्यांचा सौम्य ताप, नाहीतर थेट रुग्णालय, एवढेच माहीत होते. महिना उलटूनही धाप, थकवा आणि मेंदूवर साचलेले धुके घेऊन बसलेल्या माणसांची कुठल्याच कागदावर नोंद नव्हती. या हॅशटॅगने ती एकमेकांना सापडली. काही महिन्यांतच डॉक्टरांनी आणि वैद्यकीय नियतकालिकांनी हा शब्द उचलला.

मग तोच जुना प्रश्न आला. या टॅगखाली नेमके काय मोजायचे? आठ दिवस खोकला राहिलेलाही त्यात आणि वर्षभर अंथरुणावर असलेलाही त्यात, तर ना संशोधन होईल, ना रजा मिळेल, ना विमा. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये आजारांच्या यादीत त्यासाठी सांकेतिक क्रमांक तयार केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या जाहीर केली. संसर्ग झालेला असावा किंवा झाल्याची दाट शक्यता असावी, त्रास साधारणपणे संसर्गानंतर तीन महिन्यांनी असावा, किमान दोन महिने टिकावा, आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने त्याचा उलगडा होऊ नये. यातले ‘दाट शक्यता’ हे शब्द वाचताना साधे वाटतात, पण पहिल्या लाटेत ज्यांना चाचणीच मिळाली नाही अशा हजारोंसाठी दार त्या दोन शब्दांमुळे उघडे राहिले. व्याख्या ठरवताना रुग्णांचेही मत घेतले गेले होते, हे विसरता कामा नये.

नावावरून मात्र रस्सीखेच झाली. संघटनेने ‘कोविडोत्तर स्थिती’ असे नाव घेतले. रुग्णांचे म्हणणे, ‘उत्तर’ म्हटले की मूळ दुखणे संपले असे वाटते. आमचे संपलेले नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी स्वतःची व्याख्या केली, तेव्हा नाव रुग्णांचेच ठेवले: लाँग कोविड. क्रमांक आहे, व्याख्या आहे, आणि वर पाटी मात्र त्या हॅशटॅगची.

आपल्याकडे यातले सगळ्यांत चांगले उदाहरण घरातच आहे: ‘पित्त’. ‘मला पित्त झालंय’ म्हणणाऱ्याच्या छातीत जळजळ असेल, मळमळ असेल किंवा अर्धे डोके दुखत असेल. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणणाऱ्याच्या कातडीवर गांधी आहेत, हा ॲलर्जीचा प्रकार. ‘पित्ताशयात खडे’ म्हणताना यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस अभिप्रेत असतो. वैद्य ‘पित्तप्रकृती’ म्हणतात ती चौथी गोष्ट, आणि ‘त्याचं पित्त खवळलं’ ही पाचवी. नव्या औषधानंतर ‘पित्त झालं’ असे कुणी सांगितले, तर ती जठराची नेहमीची कुरबुर असेल किंवा पुढच्या गोळीला घसा सुजवून श्वास कोंडणाऱ्या ॲलर्जीची पहिली सूचना. यंत्राला तर हा फरक कळत नाहीच. घाईतल्या माणसालाही कळेल असे नाही.

औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१० पासून चालतो. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. दुष्परिणाम कळवण्यासाठी रुग्णांसाठीचा वेगळा अर्ज आहे आणि तो मराठीतही मिळतो. तो भरायला वैद्यकीय भाषा यावी लागत नाही. अशा नोंदींवर नंतर तज्ज्ञ मेडड्रा या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहातला संकेत चढवतात, म्हणजे बारामतीची नोंद आणि बर्लिनची नोंद एकत्र मोजता येते. या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात दोन वेगळे रकाने असतात. एकात संकेत. दुसऱ्यात कळवणाऱ्याने वापरलेले शब्द, त्याने जसे लिहिले तसे.

संकेत चढवणाऱ्याने जळजळीचा क्रमांक टाकला आणि शेजारच्या रकान्यात ‘गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात हातापायावर पित्त उठलं, खूप खाजलं’ असे लिहिलेले असेल, तर पुढचा वाचणारा चूक तिथल्या तिथे दुरुस्त करू शकतो.